मापाची टेप घेऊन या

पुणे, २३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हा विषय फोनवर काढायचा नाही असं मी आता ठरवलंय. बाबा स्पीकर लावतात, आई ओट्यापाशी उभी राहून ओरडते, बाबांच्या कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागतं, आणि शेवटी एक म्हणतं "तूच सांग हिला", दुसरं म्हणतं "तूच सांग यांना". म्हणून कागदावर. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा. आई, तू मध्ये बोलू नकोस. निदान पान उलटेपर्यंत तरी.

डिसेंबरअखेर पुनर्विकासासाठी गिरगावातल्या आपल्या खोल्या खाली करायच्या आहेत आणि आपलं अजून दादर की पार्लं चाललंय. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय, म्हणजे आपण पाच धरू. पाच वर्षं ही काही 'तात्पुरती सोय' नव्हे. बाबा तेव्हा एक्क्याऐंशीचे असतील. म्हणून दोन शनिवार-रविवार मी मुंबईत काढले, एकदा दादरला आत्याकडे, एकदा पार्ल्याला मामीकडे, आणि मिळून सात जागा पाहिल्या. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर दोघंही बरोबर आला असतात आणि एकही जागा पाहून झाली नसती.

दादाच्या मुलुंडचं आधी निकालात काढते. त्याच भाड्यात एक खोली जास्त, मोकळी हवा, कॉम्प्लेक्समध्ये पोहायचा तलाव, हे सगळं तो कॅनडात बसून सांगतो ते खरं आहे. पण तलावात पोहणार कोण? आणि मुलुंडात आपल्या ओळखीचं एक कुत्रंही नाही. पुढे.

बाबा, दादर. माहीमच्या पुढे मुंबई नाही, हे तुमचं म्हणणं कागदोपत्री खरं होतं; १९५० पर्यंत महापालिकेची हद्द माहीम आणि सायनलाच संपायची. पण तेव्हा तुम्ही दुपट्यात होतात. आणि आजोबा तर दादरलाही मुंबई मानत नव्हते. वाडीतलं कोणी दादरला बिऱ्हाड हलवलं की ते "गावाबाहेर गेला" म्हणायचे, हे तुम्हीच आम्हाला हसत हसत सांगायचात. प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने दादर-माटुंग्याला रुंद रस्ते आखले, प्लॉट पाडले, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी वसवल्या, हा तुमचा आवडता धडा मला पाठ आहे. आपल्यासारख्या दाटीतल्या वाड्यांमधल्या लोकांनी मोकळा श्वास घ्यावा म्हणून केलेलं उपनगर ते. आता तिथेच श्वास घ्यायला जागा नाही, एवढाच धडा त्यात वाढलाय.

तिथली सगळ्यात बरी जागा रानडे रोडच्या आतल्या गल्लीत, अकराव्या मजल्यावर. दोन लिफ्ट, संडास-बाथरूम घरात आणि दोन्ही वेगळे, ओट्याच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मधे बोटभर समुद्र दिसतो. मला आवडली. मग मी आईची पिशवी घेतली (हो, तीच निळ्या कडांची, मागच्या वेळी माझ्याकडे राहिलेली) आणि संध्याकाळी सहाला मेथीची जुडी, पाव किलो वाल आणि नारळ आणायला खाली उतरले. गेटपासून भाजीवालीपर्यंत पावलं मोजली: दोनशे दहा. वेळ लागला अकरा मिनिटं. मोगऱ्याच्या गजऱ्यांची टोपली डोक्यावर घेतलेला पोरगा मागून "बाजू, बाजू" करत आला, समोर स्टीलच्या डब्यांचा ढीग, डाव्या हाताला उभ्या स्कूटर, आणि पिशवीचा बंद एका टेबलफॅनच्या जाळीत अडकला. मी पंचेचाळिशीची, दोन धड गुडघ्यांची, आणि मला कठड्याचा आधार घ्यावा लागला. तिथे आई काठी टेकवणार कुठे?

रिक्षा तिथे नाहीत, हे आपल्याला गिरगावात राहून जाणवत नाही. शहरात रिक्षाला परवानगीच नाही. वांद्रे-सायनच्या अलीकडे टॅक्सी नाहीतर बस. आत्याच्या डॉक्टरकडे जायला मी दोन टॅक्सीवाल्यांना हात केला. "इतक्या जवळ?" म्हणून दोघांनी मान फिरवली. आत्या म्हणाली, सवय होते. आत्याला सवय झाली, कारण तिचे गुडघे शाबूत आहेत.

पण बाबा, शिवाजी पार्क. मला मान्य करावंच लागेल. रविवारी सकाळी साडेसहाला जाऊन कट्ट्यावर बसले. १९२५ मध्ये खुलं झालेलं मैदान, यंदा शंभर वर्षं झाली, आणि सकाळच्या त्या उजेडात ते अजून कोणाच्या मालकीचं वाटत नाही. एका कोपऱ्यात नेटमध्ये पोरं, मधे मल्लखांबाच्या वयाची चिमुरडी धावतायत, कट्टाभर म्हातारी माणसं रांगेत. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?" म्हटलं, माहेर गिरगाव. "ते दिसलंच. वाडी कुठली?" सांगितली. पुढची वीस मिनिटं मला एक शब्द बोलावा लागला नाही. साहित्य संघातली नाटकं, ठाकुरद्वारच्या नाक्यावरची भांडणं, केशवजी नाईकांच्या चाळीचा गणपती, १८९३ पासूनचा सगळा हिशेब. तुमच्या जागी मी असते तर मीही दादरच म्हटलं असतं. तुम्हाला घर नकोय, तुम्हाला 'वाडी कुठली?' विचारणारा माणूस हवाय.

आता पान उलटा. आई, पार्लं.

तुझं पार्लं आधी नाहीसं करून टाकते, म्हणजे नंतर रडारड नको. दुपारी वाऱ्याबरोबर येणारा बिस्किटांचा वास आता येत नाही. १९२९ चा तो कारखाना २०१६ मध्ये थांबला. मामाच्या घरामागचं आंब्याचं झाड गेलं, तिथे गाड्या लागतात. नेहरू रोडला संध्याकाळी रिक्षा, स्कूटर आणि क्लासला निघालेली पोरं यांचा जो काला होतो त्यात चालणं सोपं नाही. आणि विमानं! मामीकडे बोलता बोलता आपण वाक्य मधेच सोडतो, विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करतो, आणि कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही. बाबांनी यंत्र काढून ठेवलं की त्यांचा प्रश्न मिटला.

पण त्याच विमानांनी एक उपकार केलाय. विमानांच्या वाटेतल्या पट्ट्यात उंच बांधायला बंदी, त्यामुळे तिथल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास अडकून पडलाय. मालक कपाळाला हात लावून बसलेत, आणि भाडेकरूला मात्र अजून तीन मजली इमारत, कुंपणाला जास्वंद आणि खिडकीत झाड मिळतं. अर्थात अशा इमारतींना लिफ्ट नाही. दोन चांगल्या जागा मी त्याच कारणाने जिन्यावरूनच सोडल्या.

तिसरी तळमजल्याची. हनुमान रोडच्या आत, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे चार फुटांची पडवीसारखी बाल्कनी, जाळी लावलेली. दारात एकच पायरी. तोटे लपवत नाही: मागच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो, मोरीच्या भिंतीला ओल आहे (मालक म्हणाले रंग काढून देतो, रंगाने ओल जात नाही, हे मी त्यांना सांगितलं), आणि संध्याकाळी डास. पण फाटकात अनंताचं झाड आहे, आई, आणि त्याच्याखाली कोणीतरी विटांचा पार केलाय.

तिथेही पिशवी घेऊन निघाले. भाजीपर्यंत तीनशे चाळीस पावलं, म्हणजे दादरपेक्षा जास्त, पण सहा मिनिटांत पोचले आणि कुठे अडकले नाही. भाजीवालीने विचारलं, "नवीन राहायला आलात?" आणि न मागता कढीपत्ता घातला. गुडघा दुखलाच तर नाक्यावर रिक्षा, आणि जवळचं भाडं म्हणून कोणी नाक मुरडलंच तर मागची येते.

पार्लेकरांचं एक आहे, ते 'आम्ही पार्लेकर' म्हणताना मान जराशी वर करतात. तुझीही होते, तुला माहीत नाही. पण वर करण्याजोगं काही त्यांनी केलंय खरं. टिळक गेले १९२० ला. १९२१ ला पार्ले टिळक विद्यालय, १९२३ ला लोकमान्य सेवा संघ. टिळकांना आपल्या चौपाटीवर निरोप दिला गिरगावाने, आणि त्यांच्या नावाने शाळा काढून बसले पार्लेकर, असं मामा मुद्दाम बाबांना चिडवायचा, आठवतं? सेवा संघातल्या ग्रंथालयात मी डोकावले. बाबा, तुमच्या वयाची मंडळी चष्मे पुसत पेपर वाचत होती, आणि अग्रलेखावरून कुजबुजत भांडत होती. दीनानाथ तिथून फार लांब नाही. रविवारचं दुपारचं नाटक शिवाजी मंदिरला पाहिलं काय आणि दीनानाथला पाहिलं काय, बटाटेवडा मध्यंतरातच खायचा.

आता तुमचा हुकमी पत्ता, बाबा: "पार्ल्याहून गिरगाव परगाव होतं." मलाही तसंच वाटत होतं. पार्ल्याला फास्ट थांबत नाही, चर्नी रोडला उतरून पूल चढा, म्हणजे दिवस गेलाच. म्हणून मेट्रोने जाऊन पाहिलं. या मेट्रोच्या नावाने तुम्ही बोटं मोडलीत ते मी विसरलेले नाही. गिरगाव-काळबादेवीतल्या आपल्या माणसांच्या चाळी तिच्यापायी गेल्या, आणि उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही टीव्ही बंद केलात. तो राग खोटा नाही. पण ऑक्टोबरपासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावतेय, आणि तुमच्या भांडणातली दोन्ही ठिकाणं त्याच एका रेषेवर येतात. दादरहून आठवं स्टेशन गिरगाव. पार्ल्याला तेवढं दारात नाही, रिक्षाने डोमेस्टिक विमानतळाच्या स्टेशनवर जावं लागतं, पण तिथे बसलं की मधे दादर घेत तीच गाडी सरळ गिरगाव. जिना नाही, लिफ्टने वर. मामीच्या दारातून निघून आपल्या वाडीच्या तोंडाशी पोचायला मला एक तास पाच मिनिटं लागली, आत्याकडून चाळीस. वाडीत आले नाही, लांबून तुम्हाला कठड्याशी कपडे वाळत घालताना पाहिलं आणि परत फिरले. आई, चिडू नकोस.

म्हणजे फरक आहे तो पंचवीस मिनिटांचा. बाबा, तुम्ही आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा गिरगावात जाणार, आपली इमारत किती फूट वर आली ते बघायला आणि कोपऱ्यावर चहा प्यायला. आई मात्र रोज चार वेळा घराबाहेर पडणार: दूध, भाजी, देऊळ, आणि चौथ्यांदा विसरलेली कोथिंबीर. गुडघा तिचा आहे.

आणखी एक, हे मी फोनवर कधीच बोलू शकले नसते. १९७८ मध्ये लग्न होऊन आई पार्ल्याच्या अंगणातून आपल्या दोन खोल्यांत आली. गॅलरीच्या टोकाला संडास, पाणी पहाटे साडेचारला, आणि पाहुणे आले की ती कपाट आणि भिंत यांच्या मधे झोपायची. ती एकदाही 'पार्ल्याला जाऊ' म्हणाली नाही. आता पहिल्यांदा म्हणतेय. बाबा, माझं मत तळमजल्याच्या जागेला. तुम्ही म्हणाल की मी आईची बाजू घेतली. हो, घेतली.

मालकांनी रविवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय. येत्या शनिवारी, २९ ला, मी सकाळच्या गाडीने दादरला उतरते. आधी तिघं मिळून अकराव्या मजल्याची जागा बघू, बाबांनी तो समुद्र डोळ्यांनी पाहूनच नाही म्हणावं. मग कट्ट्यावर बसू, जेवू, आणि मेट्रोने पार्ल्याला. त्यापुढचा शनिवार नको, सहा डिसेंबरला चैत्यभूमीची गर्दी असते आणि बाबांना दरवर्षीप्रमाणे तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर जायचंच असेल. यंदा पुस्तकं मात्र मोजून आणा. ती आपल्यालाच बांधायची आहेत.

येताना शिवणाच्या डब्यातली मापाची टेप घेऊन या. तळमजल्याचं दार मी वितीने मोजलं, पावणेचार विती भरलं. आजीचं शिसवी कपाट त्यातून आत जाईलसं मला वाटत नाही, पण त्याचे पाय सुटे होतात असं बाबा नेहमी म्हणतात. ते खरंच सुटतात का, एवढं शनिवारच्या आत बघून ठेवा.

तुमची,
चिमी