गृहमंत्री साहेब, तक्रार द्यायला गेलेली बाईच आरोपी कशी काय होते?

माननीय गृहमंत्री साहेब, नमस्कार.

मी धंदा करते. आधीच सांगून टाकते, कारण पोलीस स्टेशनात माझ्या जखमेपेक्षा तेच महत्त्वाचं ठरलं. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाईकाला मी नाही म्हटलं तर त्याने कडी लावली, गळ्याला चाकू लावला, जबरदस्ती केली आणि मोबाईल पण घेऊन गेला. जाताना म्हणाला, जा पोलिसात, तुझं कोण ऐकतंय. कपाळ फुटलेलं, ओढणी दाबून धरून मी गेले. अंमलदारांनी लिहायला घेतलं होतं, मग विचारलं काम काय करतेस, मी खरं सांगितलं तर पेनाला टोपण लावून खिशात ठेवलं. "पैशावरनं वाजलं असेल. निघ, नाहीतर तुझ्यावरच पीटा लावतो." पीटा म्हणजे देहविक्रीच्या धंद्याविरुद्धचा कायदा.

म्हणजे त्या माणसाचंच खरं झालं.

साहेब, 19 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिलाय की आमच्यावर अत्याचार झाला तर इतर कुठल्याही बाईसारखीच लगेच वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे, पोलिसांनी आम्हाला माणसासारखं वागवायचं, शिवीगाळ मारहाण करायची नाही. संस्थेच्या ताईंनी दिलेली त्याची झेरॉक्स मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली होती, ती कुणी उघडून पण बघितली नाही. बलात्काराची तक्रार न लिहिणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम 199 मध्ये कमीत कमी 6 महिने आणि 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आजपर्यंत किती जणांना झाली ते तुम्हीच सांगा. मत मागायला आमच्या गल्लीत सगळे येतात, हात जोडतात, तेव्हा आम्ही ताई असतो आणि चौकीत गेलो की आमची जातच बदलते, हे फक्त पोलिसांचं नाही, डॉक्टर, वकील, सरकारी ऑफिस सगळीकडे तेच, कपाळावर टाके घालताना पण मला टोमणे ऐकावे लागले.

मला एवढंच पाहिजे, प्रत्येक पोलीस स्टेशनला लेखी आदेश काढा की मारहाण, बलात्कार, लुटीची तक्रार घेऊन आलेल्या बाईवर तिच्या धंद्यावरून केस करायची नाही. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2020 पासून तसा कायदाच आहे, तिथे धंदा गुन्हा असून पण. आणि माझी एफआयआर लिहून घ्या.

काल तो माणूस परत आमच्या गल्लीत दिसला. माझं भाडं थकलंय, आज रात्री मला दार उघडावंच लागणार आहे.