मुलांविषयीची तरतूद आधी लागू करा

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याच्या नियमांमुळे छोट्या व्यावसायिकांची ऑनलाइन जाहिरात महागेल, ही आपल्या अंकातील लेखात व्यक्त झालेली भीती मला अनाठायी वाटते. २०२३ चा हा कायदा जाहिरात करण्यावर बंदी घालत नाही. ग्राहकाची माहिती कशासाठी हवी हे स्पष्ट सांगून त्याची संमती घ्यावी आणि दिलेली संमती मागे घेणेही तितकेच सोपे असावे, अशी त्याची अपेक्षा आहे. पाककृती वाचणाऱ्याला मसाल्याची जाहिरात दाखवण्यासाठी तो काल कुठे गेला होता, कोणते औषध शोधत होता, हे जाणून घेण्याची गरज नसते. मजकुराला अनुरूप जाहिरात देण्याचा हा मार्ग वर्तमानपत्रांनी पूर्वीपासून वापरलेला आहे.

ग्राहकांवरील पाळत थांबवण्याचे काम कंपन्यांच्या सदिच्छेवर सोडता येणार नाही. क्रोम ब्राउझरमधील त्रयस्थ कुकीज, म्हणजे वाचक कोणकोणत्या संकेतस्थळांवर जातो याचा माग इतर कंपन्यांना काढू देणाऱ्या छोट्या नोंदी, हटवण्याची घोषणा गूगलने २०२० मध्ये केली, मुदत वारंवार पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच बदलला. म्हणूनच मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना या कायद्याने केलेली मनाई, तसेच तिच्या भंगासाठी २०० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद मला फार मोलाची वाटते. माझा आक्षेप वेगळाच आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तरी मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला. निदान अठरा वर्षांखालील मुलांविषयीची तरतूद सरकारने एवढा काळ न थांबता अमलात आणावी.

– एक वाचक, सातारा