घनतामापकांचे कॅलिब्रेशन : शनिवार, सकाळी ८

सर्व इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञांसाठी. लाइनवरचे कंपन-नळीचे घनतामापक (नळीच्या कंपनावरून आतल्या द्रवाची घनता मोजणारे) शनिवारी जागेवरच तपासायचे आहेत. पाळीप्रमुखांनी ते आदल्या रात्री बायपासवर घ्यावेत, म्हणजे प्रवाह त्यांना वळसा घालून जाईल.

- नळी धुऊन पूर्ण कोरडी करा. कोरड्या हवेत, २० अंश सेल्सिअसला वाचन सुमारे १.२ किलो प्रति घनमीटर हवे. जास्त आले तर बहुधा आत थर बसलाय. तो काढल्याशिवाय स्थिरांकांना (कंपनावरून घनता काढायला मापकात भरलेले आकडे) हात लावू नका.
- मग उकळून गार केलेले डिस्टिल्ड पाणी भरा : २० अंशांना वाचन ९९८.२ किलो प्रति घनमीटर हवे. वाचन खाली डळमळले तर बुडबुडा अडकलाय, पुन्हा भरा.
- तापमान एका अंशाने चुकले तरी पाण्याच्या वाचनात सुमारे ०.२ चा फरक पडतो, म्हणून तापमानाचा सेन्सर आधी तपासा.

जुने स्थिरांक नोंदवहीत लिहूनच नवे भरा.