वर्गणीच्या वहीतल्या तांबड्या रेघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या डोंबिवलीत ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत सेवाविभागाच्या नव्या संचालक मॅडम नुकत्याच रुजू झाल्या. शाल-श्रीफळ झाले, दोन भाषणे झाली (त्यातले एक फारच लांबले), वडा-चहा झाला. मॅडम स्वतः थोडेच बोलल्या, ऐकून मात्र सगळ्यांचे घेतले. ‘सूचना लिहून द्या’ म्हणाल्या. माझी सूचना इतर गावांतल्या ज्येष्ठ नागरिक संघांनाही लागू पडेल, म्हणून ती आपल्या पत्राकडे पाठवतो.

त्या दिवशी जमलेलो आम्ही सगळे नेहमीचेच. सकाळी फिरायला जाणारे, कोजागरीला गाणी म्हणणारे, सहलीच्या बसमध्ये खिडकीवरून भांडणारे. गुडघे अजून साथ देतात ते. योगवर्ग काय, आरोग्य शिबिर काय, सगळे आमच्याच वाट्याला येते. देणगीदारांच्या अहवालातला ग्रुप फोटोही आमचाच.

मी सहा वर्षे संस्थेचा खजिनदार होतो. दोन वर्षे वर्गणी आली नाही की नावावर तांबडी रेघ मारायची आणि पुढे ‘कमी’ लिहायचे, अशी आमची रीत. मी अशा रेघा किती मारल्या, कधी मोजल्या नाहीत. गेल्या नोव्हेंबरात त्यांतल्याच एक आजी अचानक भेटल्या. मी शेजारच्या इमारतीत दुसऱ्याच कुणाकडे गेलो होतो आणि समोरचे दार उघडे होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आमच्याकडच्या जुन्या चार मजली इमारतींना कुठली लिफ्ट! खुब्याचे हाड मोडल्यापासून आजी चौदा महिने खाली उतरल्या नव्हत्या. मला पाहताच म्हणाल्या, “अहो, माझी वर्गणी राहिलीय.” काय बोलावे ते मला सुचेना.

त्यांना काळजी होती ती हयातीच्या दाखल्याची. फॅमिली पेन्शन थांबेल म्हणून मुलगा त्यांना खुर्चीत बसवून दोघा माणसांकरवी खाली उतरवायच्या बेतात होता. बोटांचे ठसे तर केव्हाच झिजलेले, यंत्र ते ओळखेना. चेहरा दाखवून मोबाइलवरून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हते. खालच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाने ते काम बसल्या जागी करून दिले. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१७ मध्येच सांगितले आहे. तेही त्यांना कुणी सांगितले नव्हते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून फुकट आहे, पण त्या जिन्याचे तिकीट कोण काढणार? श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये मिळवायचे, तर वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने तो कसा आणावा, हा आणखी वेगळा विषय.

म्हणून मॅडमना विनंती की, पहिले दोन-तीन महिने नवा उपक्रम काढू नये. जुन्या वर्गणीच्या वह्या काढाव्यात आणि ‘कमी’ केलेल्या नावांच्या घरी जावे. काही जण गेलेले असतील, काही मुलांकडे राहायला गेले असतील. बाकीचे वरच्या मजल्यांवर आहेत. सगळे जिने मॅडमनी एकटीने चढावेत असे नव्हे. रोज तीन किलोमीटर चालल्याचा हिशेब एकमेकांना सांगणारे आम्ही आहोतच, दोघा-दोघांना एकेक गल्ली वाटून द्यावी. औषधे कोण आणतो, रात्री सोबतीला कोण असते, शेवटचे खाली कधी उतरलात, एवढे विचारले तरी पुष्कळ कळेल. जाताना १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून यावा.

कार्यकारिणीलाही एक सांगणे आहे. मॅडमना टेबल-खुर्ची दिलीत, पण घरभेटींसाठी माणूस दिलेला नाही. यंदाची सहल एका दिवसाची केली तर त्याचा काही महिन्यांचा पगार निघेल. माझ्यावर कोण कोण रागावणार ते मला ठाऊक आहे.

वह्या ऑफिसच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. त्याची एक किल्ली अजून माझ्याकडेच राहिली आहे, ती सोमवारी आणून देतो.

आपला,
एक माजी खजिनदार, डोंबिवली (पूर्व)