जहाजावरच्या खलाशालाही टपाली मत द्या

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी झालेली सार्वत्रिक निवडणूक मी आणि माझ्या पत्नीने पुतण्याच्या घरी राहून जवळून पाहिली. त्या वेळी जे पाहिले त्याचा संबंध थेट आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशांशी आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी गुहागर तालुक्यातला, प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेला. नोकरीच्या काळात जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत मतदान केंद्रावर माझी नेमणूक होत असे आणि बहुतेक वेळा यादीची चिन्हांकित प्रत माझ्याच पुढ्यात असे. मतदाराची ओळख पटली की त्याच्या रकान्यात रेघ ओढायची, स्त्री मतदार असेल तर अनुक्रमांकाभोवती गोलही करायचा. खाडीकाठच्या गावांत संध्याकाळी ती यादी मिटताना खारवीवाडीच्या आणि भंडारवाडीच्या पानांवर एकच चित्र दिसे: बायकांच्या नावांवर रेघा, म्हाताऱ्यांच्या नावांवर रेघा, आणि पंचविशी ते पन्नाशीतल्या पुरुषांची नावे एकाखाली एक कोरी. यातले काही मुंबईचे चाकरमानी असत. पण बरेच जण त्या दिवशी कुठल्या तरी मालवाहू जहाजावर, कुठल्या तरी समुद्रात असत, आणि त्यांच्या आया मतदानाला आल्या की मुलाचे नाव यादीत अजून आहे ना, एवढे विचारून जात.

माझा धाकटा मुलगाही शिपवर आहे. वय चौतीस, मतदार ओळखपत्र अठराव्या वर्षापासूनचे, आणि आजवर त्याने एकदाच मत दिले आहे, तेही निवडणूक नेमकी त्याच्या सुट्टीत आली म्हणून. ७ मे २०२४ रोजी आमच्याकडे लोकसभेचे मतदान झाले तेव्हा तो जहाजावर होता. ऑगस्टमध्ये घरी आला, ऑक्टोबरअखेर पुन्हा साईन ऑन झाला, म्हणजे जहाजावर रुजू झाला, आणि २० नोव्हेंबरचे विधानसभेचे मतदानही हुकले. टपालाने मत देता येईल का, अशी चौकशी त्याने सुट्टीत एका सरकारी कचेरीत केली, तेव्हा ‘तुमच्यासाठी तशी तरतूद नाही’ एवढेच उत्तर मिळाले. उत्तर खरे होते, आणि त्याचेच मला वाईट वाटते.

आता ऑरेगनविषयी. त्या राज्यात मतदान केंद्रांपुढे रांगा लागत नाहीत. १९८१ पासून तिथे स्थानिक निवडणुकांत टपाली मतदानाचे प्रयोग झाले, १९९८ मध्ये लोकांनीच कौल देऊन ही पद्धत सगळ्या निवडणुकांना लागू केली, आणि २००० सालची अध्यक्षीय निवडणूक संपूर्णपणे टपालाने घेणारे ते पहिले राज्य ठरले. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पुतण्याच्या घरी पाकीट आले. त्याने त्यासाठी अर्ज केलेला नव्हता. यादीत नाव आणि पत्ता असला की मतपत्रिका घरी येतेच. त्याच्या आधी एक जाडजूड पुस्तिकाही आली होती. तिच्यात उमेदवारांची निवेदने होती, आणि लोकांच्या कौलासाठी ठेवलेले ११५ ते ११९ क्रमांकांचे पाच प्रस्ताव त्यांच्या बाजूच्या आणि विरोधातल्या म्हणण्यांसह छापलेले होते. पुतण्या तीन-चार संध्याकाळी जेवणानंतर ती पुस्तिका घेऊन बसे. मोठ्या कंपन्यांवर कर बसवून प्रत्येक रहिवाशाला वर्षाला सुमारे १,६०० डॉलर वाटावेत असा त्यातला एक प्रस्ताव होता, आणि तो मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला. हाती येणारा पैसा लोक नाकारतात ते विचार करायला सवड मिळाली म्हणूनही असेल, असे मला वाटते.

शेवटी त्याने पेनाने एकेक लंबगोल भरला, मतपत्रिका पाकिटात घालून बंद केली आणि पाकिटावर सही केली. टपालखर्च सरकारचा असूनही, चालायला जाताना त्याने ते ग्रंथालयासमोरच्या मतपेटीत टाकले. मोजणीआधी पाकिटावरची सही नोंदणीच्या सहीशी ताडून पाहतात, आणि ती जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची मुदत देतात. मत परस्पर बाद होत नाही, ही गोष्ट माझ्यातल्या जुन्या मतदान अधिकाऱ्याला फार आवडली.

मात्र माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते पुढच्या माहितीला. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याने परदेशी राहणाऱ्या नागरिकांबरोबर व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांनाही दूरून मत देण्याचा हक्क दिला आहे, आणि २००९ च्या सुधारणेनुसार त्यांनी वेळेत मागणी केली असेल तर मतपत्रिका निवडणुकीच्या किमान ४५ दिवस आधी रवाना करावी लागते. म्हणजे ऑरेगनच्या किनाऱ्यावरचा खलाशी अर्ध्या जगापलीकडे असला तरी त्याचे मत मोजले जाते, आणि त्याच जहाजावर त्याच्या शेजारी उभा असलेला दाभोळचा किंवा हर्णैचा खलाशी मात्र आपल्या देशाच्या निवडणुकीत नसल्यासारखा असतो.

आपल्याकडे साधन नाही म्हणून हे अडले आहे, असेही नाही. सैन्यदलातील मतदारांना २०१६ पासून टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली जाते. ती छापून, भरून टपालाने परत करायची असते. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरील ज्येष्ठांचे आणि ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांचे मत अधिकारी घरी जाऊन घेत होते, आणि आमच्या वाडीतल्या एका आजींनी पडवीत बसून मत दिले. परदेशस्थ भारतीयांना यादीत नाव घालता येते, पण मत द्यायला गावीच यावे लागते. त्यांना टपाली मत देण्याचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २०२० च्या अखेरीस केंद्राकडे पाठवला होता, तो अजून अमलात आलेला नाही. खलाशाची स्थिती याहून सोपी आहे. तात्पुरता बाहेर गेला म्हणून कोणाचे गावचे वास्तव्य संपत नाही असे कायदाच म्हणतो, त्यामुळे त्याचे नाव यादीत आहेच. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६० प्रमाणे आयोग सरकारशी विचारविनिमय करून एखाद्या वर्गाला टपाली मताची मुभा देऊ शकतो. खलाशांचा वर्ग अधिसूचित करावा आणि त्याप्रमाणे नियमांत दुरुस्ती करावी, इतकीच मागणी आहे.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. घरात बसून मत दिले तर घरातला कर्ता पुरुष सर्वांची मते स्वतःच भरील, ही भीती आपल्या समाजात खोटी नाही, आणि म्हणूनच ऑरेगनची पद्धत सगळ्यांसाठी इकडे आणावी असे मी म्हणत नाही. तिथेही सगळे सुरळीत नव्हते. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी पोर्टलंडमध्ये आणि नदीपलीकडे शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातील व्हँकुव्हर येथे मतपेट्यांना आगी लावल्या गेल्या आणि व्हँकुव्हरमधल्या शेकडो मतपत्रिका खराब झाल्या. वाहन परवान्याच्या कार्यालयातून आपोआप मतदार नोंदणी होताना नागरिकत्वाचा पुरावा न दिलेल्या हजाराहून अधिक लोकांची नावे यादीत शिरल्याचेही त्याच वर्षी उघड झाले. पण खलाशाच्या बाबतीत अशा शंकांना जागा कमी आहे. प्रत्येकाकडे सीडीसी ही खलाशाची अधिकृत नोंदपुस्तिका असते, तो कधी साईन ऑन झाला आणि कधी साईन ऑफ झाला याची नोंद नौवहन महासंचालनालयापर्यंत जाते, आणि जहाजाच्या कप्तानासमोर ओळख पटवून स्वाक्षरी साक्षांकित करणे अवघड नाही. जहाज महिनाभर बंदराला लागले नाही तर छापील मतपत्रिका मोजणीपूर्वी पोहोचणार कशी, ही अडचण मात्र खरी आहे. ती सोडवायची तर मतपत्रिका लवकर पाठवावी लागेल आणि आपली उमेदवारी मागे घेण्याची मुदत व मतदान यांतले थोडे दिवस पुरणार नाहीत. त्याचा विचार आयोगाने नौवहन खात्याला आणि खलाशांच्या संघटनांना बरोबर घेऊन करावा.

रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत मांडावा आणि आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, अशी कळकळीची विनंती आहे. आम्ही दोघे १२ नोव्हेंबरला ऑरेगनहून परतलो आणि २० तारखेला गावच्या शाळेत मत दिले. यादीत आमच्या खालोखाल मुलाचे नाव होते. माझ्या जागी बसलेल्या तरुण शिक्षकाने आमच्या दोघांच्या रकान्यांत रेघा ओढल्या आणि पान उलटले.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी