मंजुरी मागण्याआधी कर्तव्य कोणते ते लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अधिकाऱ्यावर गुन्हा दाखल करण्याची मागणी झाली की ‘शासनाची पूर्वमंजुरी लागेल’ हे उत्तर इतक्या सहजपणे दिले जाते की, ती कोणत्या कृत्याला लागते हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. खटल्यासाठी ही मंजुरी आवश्यक करणारे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८ (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १९७) हे सरकारी नोकराच्या प्रत्येक कृत्याला कवच नाही. शासनाच्या मंजुरीवाचून ज्याला पदावरून दूर करता येत नाही, अशा लोकसेवकाने कर्तव्य बजावताना किंवा ते बजावत असल्याच्या भूमिकेतून केलेल्या कृत्यापुरतेच ते आहे.

ही रेषा ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायपीठ असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९४८ मध्येच गिल नावाच्या अधिकाऱ्याच्या खटल्यात आखली होती. न्यायाधीशाने दिलेला निकाल हे पदाचे काम, पण त्यासाठी घेतलेली लाच नव्हे. सरकारी डॉक्टरने रुग्णाला तपासणे हे पदाचे काम, पण तपासता तपासता त्याचा खिसा मारणे नव्हे. हटकल्यावर ‘हे मी पदाच्या नात्याने केले’ असे ज्याला वाजवीपणे म्हणता येईल, त्यालाच संरक्षण.

महसूल खात्यात नोकरी केल्यामुळे या संरक्षणाची गरज मी नाकारणार नाही. अतिक्रमण काढताना मोजणीच्या नकाशातील चुकीमुळे शेजाऱ्याची भिंत पडली म्हणून तहसीलदाराला थेट आरोपी केले, तर उद्या पंचनाम्यावर सही करायला कोणी धजणार नाही. पण त्याच तहसीलदाराने भिंत वाचवण्याचे पैसे मागितले आणि नकार देणाऱ्याला चावडीत कोंडून मारले, तर त्यात नोकरीचा संबंध एवढाच की, खुर्ची होती म्हणून त्याला ते करता आले. १९६६ मध्ये महाराष्ट्रातील पोलिसांच्याच दोन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने लाच घेणे आणि तपासाच्या नावाखाली कोंडून मारहाण करणे ही कृत्ये कर्तव्याच्या कक्षेबाहेरची ठरवली होती.

तरीही तक्रारदाराची वाट अरुंदच होत गेली. २०१६ मध्ये जुन्या संहितेतील महाराष्ट्राच्या दुरुस्तीने दंडाधिकाऱ्यांनी तपासाचा आदेश देण्यापूर्वीच मंजुरी आवश्यक केली. आता नव्या संहितेच्या कलम १७५(४) नुसार असा आदेश देण्याआधी दंडाधिकाऱ्यांना त्या लोकसेवकाच्या वरिष्ठांचा अहवाल मागवावा लागतो आणि त्याचे म्हणणेही विचारात घ्यावे लागते. म्हणजे कृत्य कर्तव्यात मोडते का, याविषयीचा पहिला कागद बहुधा त्याच खात्यातून येणार! १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाल्याचे मानण्याची कलम २१८ मधील तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र ही मुदत शासनाकडे विनंती पोचल्यापासून सुरू होते आणि विनंतीच पाठवली नाही, तर दिवस मोजणार कोठून?

माझी सूचना साधी आहे. वरिष्ठांच्या अहवालात आणि मंजुरी नाकारणाऱ्या आदेशात, तक्रारीतील प्रत्येक कृत्य कोणत्या नियमाखालील कोणत्या कामाचा भाग होते, हे स्पष्ट लिहिणे शासनाने परिपत्रकाद्वारे बंधनकारक करावे आणि त्याची प्रत तक्रारदाराला द्यावी. पैशांच्या मागणीपुढे किंवा मारहाणीपुढे कोणता नियम लिहायचा, हे मग सही करणाऱ्या अधिकाऱ्याला शोधावे लागेल.

आपला नम्र,
एक निवृत्त महसूल कर्मचारी