गोळी

चि. चिमणे,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस, "जिला माझं रक्त चालत नाही ती देवी मला नको," आणि फोन ठेवलास. मला तेव्हा काही सुचलं नाही, म्हणून लिहितेय.

तू दहावीला होतीस तेव्हा गौरींच्या आधी मीच तुला त्या गोळ्या दिल्या होत्या. मेडिकलवाल्याने काही न विचारता पुडी हातात ठेवली. भाद्रपदात त्याच्याकडे माझ्यासारख्या बऱ्याच येत असाव्यात. त्या गोळीचं काम यंदा तूच मला समजावलंस. नोरएथिस्टेरोन, प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक. ते चालू असेतो गर्भाशयाचं अस्तर सुटत नाही, बंद केलं की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे तेच अस्तर आत असलं की सोवळं आणि बाहेर आलं की ओवळं! एवढा साधा हिशेब मला कधी सुचला नाही. तुला मळमळत होतं आणि मी तुला पुरण वाटायला बसवलं. चुकले गं.

आता मोबाईलवर येतं की बाईला विश्रांती मिळावी म्हणून पूर्वजांनी बाजूला बसवलं, त्यात विज्ञान होतं. तुझी आजी चार दिवस चुलीला शिवत नसे, शेतात भांगलायला मात्र जायची. कसली विश्रांती?

सोयराबाईने सुमारे ७०० वर्षांपूर्वी विचारलं होतं, 'देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म?' चोखोबांची बायको ती. विटाळ तिने जातीचाही सोसला आणि बाईपणाचाही. विटाळावाचून कुठला देह निर्माण झाला, असंही विचारते. आणि एवढं भांडून त्याच अभंगात पांडुरंगाची थोरी गाते. मी दरवेळी तिथे येऊन थांबते.

माझंही तसंच काहीतरी आहे. गौरींचे मुखवटे पितळेचे आहेत हे मला ठाऊक आहे, दरवर्षी चिंचेने मीच घासते. तरी आवाहनाच्या संध्याकाळी समई लागली की माहेरी आलेल्या लेकीशी बोलावं तशी मी त्यांच्याशी बोलते. हे तुझ्या प्रयोगशाळेत सिद्ध व्हायचं नाही, आणि मला ते करायचंही नाही. तू हात जोडावेस असा हट्टही नाही.

यंदा तारीख मोजू नकोस. आली तर आली. तुळशीपासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं तूच काढ, माझी वाकडी येतात. तुझ्या आत्याला काय सांगायचं ते मी बघते. माझा जीव थोडा धास्तावेल, इतक्या वर्षांची सवय आहे. नाहीच यावंसं वाटलं तर नको येऊस, पण गोळी घेऊन येऊ नकोस.

तुझी,
आई